कॅमेरा घेऊन तिरुविडैमरुदूरला: रोजच्या निसर्गाकडे पाहण्याचा एक आढावा

प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये फोटो शेकड्यांनी असतात आणि त्यातले बहुतेक पुन्हा उघडलेही जात नाहीत. दुसरीकडे, हातात कॅमेरा आला आणि दारासमोरचं झाडसुद्धा नव्याने दिसू लागलं, असं मनापासून सांगणारी माणसंही भेटतात. दोन्ही अनुभव खरे आहेत. मग फोटो काढल्याने माणूस जास्त पाहतो की कमी? रोजच्या निसर्गात आणि प्रवासात सौंदर्य सापडावं, मनाला उभारी यावी, यासाठी कॅमेऱ्याचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर?

छायाचित्रकार या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षं आपल्या कामातून बोलत आले आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून त्यात भर घातली. निसर्गलेखकांचंही आपलं एक म्हणणं आहे. या तिन्ही बाजू एखाद्या गावात उभं राहून तपासल्या तर हाताला काही लागतं, म्हणून इथे तमिळनाडूतलं तिरुविडैमरुदूर घेतलं आहे. कुंभकोणमजवळचं हे गाव पर्यटकांच्या यादीत तंजावर किंवा दारासुरमच्या बरंच खाली येतं. मराठी माणसाचं त्याच्याशी जुनं नातं आहे. आणि तिथली सर्वांत देखणी वास्तू, म्हणजे देऊळ, आत शिरल्यावर फोटो काढण्याची जागा उरत नाही. फोटो काढणाऱ्याला नदी, शेत आणि गल्ली यांच्याकडेच वळावं लागतं. आपला प्रश्न तपासायला ही अडचणच सोयीची आहे.

गाव आणि त्याचं मराठी नातं

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आठ-नऊ किलोमीटर गेलं की तिरुविडैमरुदूर येतं. वाटेत रेशमी साड्या विणणारं तिरुभुवनम. आजूबाजूला भातखाचरं, केळी, नारळी आणि कावेरीच्या पाण्याचे पाट. गावाच्या मधोमध महालिंगस्वामींचं भलंमोठं शिवमंदिर. शैव परंपरेत हे मध्यार्जुन क्षेत्र: वर श्रीशैलचा मल्लिकार्जुन, खाली तिरुनेलवेलीकडचं तिरुप्पुडैमरुदूर आणि मधे हे. तिन्ही ठिकाणांचा स्थलवृक्ष एकच, मरुद म्हणजे आपला अर्जुनसादडा. कोकणापासून विदर्भापर्यंत नदीकाठी दिसणारं, फिकट गुळगुळीत खोडाचं हे झाड आपल्याला परकं नाही. त्याच्या सालीचे पापुद्रे सुटून पडतात, आत नवी साल उजळ दिसते आणि तिरप्या उन्हात खोडावर राखाडी, पांढरा, किंचित गुलाबी असे पट्टे उमटतात. देवळापर्यंत जाऊन हे झाड न पाहता परतणारेच जास्त.

तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास या गावात येऊन एक वळण घेतो. १७९८ साली इंग्रजांनी अमरसिंहांना गादीवरून उतरवलं आणि दुसऱ्या सरफोजींना बसवलं. पदच्युत अमरसिंह तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. १८०२ साली ते वारले, पण त्यांच्या घराण्याचा दरबार इथे काही काळ चालू राहिला. त्या दरबाराशी जोडलेल्या रामदास नावाच्या उत्तर हिंदुस्थानी गवयाकडे गोपालकृष्ण भारती शिकले. तमिळ संगीतकथेतलं हे मोठं नाव अशा रीतीने एका मराठी वाड्याशी बांधलेलं आहे.

याच घराण्याची एक खूण महालिंगस्वामींच्या देवळाशी निगडित आहे. अम्मणी नावाच्या मराठा घराण्यातल्या एका स्त्रीने, अमरसिंहांचे पुत्र प्रतापसिंह यांच्याशी लग्न व्हावं म्हणून लाख दिवे लावण्याचा नवस केला होता. नवस फळाला आला. १८५३ साली तिने तो फेडला आणि त्या दिव्यांत एक दिवा म्हणून स्वतःचीच धातूची मूर्ती घडवून वाहिली. हातात दीप घेऊन उभ्या स्त्रीच्या अशा दिव्याला तमिळमध्ये पावै विळक्कु म्हणतात. स्वतःची प्रतिमा करायची, पण देवाला उजेड दाखवण्याच्या कामी लावायची, ही त्यातली योजना लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे सेल्फीचा विषय निघेल तेव्हा ती उपयोगी पडेल.

गावापासून जवळच गोविंदपुरम. तिथे बोधेंद्र स्वामींची समाधी आहे आणि २०११ साली उभं राहिलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळही. द्रविड गोपुरांच्या या मुलखात एकदम उत्तरेच्या धाटणीचं उंच शिखर दिसतं आणि मराठी प्रवाशाचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. ओळखीची गोष्ट अनोळखी जागी दिसली की फोटो काढावासा वाटतो, हा प्रवासातल्या छायाचित्रणाचा एक जुना नियमच आहे.

कॅमेऱ्याच्या आधी आणि लगेच नंतर

सौंदर्य टिपण्याची हौस कॅमेऱ्याबरोबर आली असं मानलं तर तंजावरची चित्रं आड येतात. ज्या सरफोजींना अमरसिंहांची गादी मिळाली, त्यांनी वनस्पती, पक्षी आणि प्राणी यांची चित्रं काढवून घेतली. १८२० ते १८२२ या काळात ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. त्या प्रवासातल्या तीर्थांची आणि घाटांची चित्रंही झाली, ती सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. म्हणजे घरचा निसर्ग आणि दूरचा प्रवास, या दोन्हींची चित्रनोंद एकाच मराठी राजाने कॅमेऱ्याच्या पिढीभर आधी करवून घेतली होती. पान, फूल, चोच, पीस काढायला चित्रकाराला त्या वस्तूसमोर तासन्‌तास बसावं लागे. बैठक हीच त्या चित्रांची किंमत होती.

१८५५ साली तंजावरचं राज्य खालसा झालं आणि तीनच वर्षांनी तिथे कॅमेरा पोचला. मद्रास सरकारचे छायाचित्रकार लिनिअस ट्राइप १८५७ च्या डिसेंबरात बंगळूरहून बैलगाड्यांवर सामान लादून निघाले. श्रीरंगम, तिरुच्चिरापळ्ळी, मदुराई करत १८५८ मध्ये त्यांनी तंजावरचं बृहदीश्वर मंदिर टिपलं. मेणाच्या कागदाच्या निगेटिव्ह, लांबलचक एक्स्पोजर, उकाडा. एक-एक फोटो म्हणजे एक मोहीम होती. त्यांचं सर्वांत नवलाचं काम मात्र शिखराचं नाही. देवळाच्या पायथ्यावर कोरलेल्या शिलालेखांचे एकवीस फोटो घेऊन त्यांनी ते एकापुढे एक जोडले आणि सुमारे एकोणीस फूट लांबीची पट्टी केली. सगळे वर बघत असतात त्या वास्तूत हा माणूस पायथ्याशी कॅमेरा लावून सरकत राहिला.

ट्राइपचं आणखी एक काम आजच्या वादाशी जुळतं. त्या काळच्या निगेटिव्हमध्ये आकाश कोरं, पांढरंफटक येई. ट्राइप निगेटिव्हवर हाताने ढग आणि झाडांची पानं रंगवत. फोनमधलं सॉफ्टवेअर आकाश निळं करतं म्हणून आपण आज हळहळतो, त्याची वडीलधारी परंपरा ही अशी आहे. १८५९ साली गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी हे खातं सरकारला न परवडणारी चैन ठरवून आवरतं घ्यायला लावलं.

त्याच सुमारास मुंबईत मराठी हातांत कॅमेरा आला होता. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. या पहिल्या पिढीला माणसं, पोशाख, जाती-व्यवसाय आणि इमारती यांत जास्त रस होता. रोजचा निसर्ग कॅमेऱ्याच्या केंद्रस्थानी यायला वेळ लागला.

तो आला एका कुंडीतून. १९१२ साली लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आलेल्या दादासाहेब फाळक्यांना भांडवलदाराची खात्री पटवायची होती. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले, पुरातत्त्व खात्यात काही काळ काम केलेले फाळके. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का केला आणि दिवसामागून दिवस त्याच जागेवरून थोडी-थोडी फिल्म घेतली. पडद्यावर बी फुटून वेल वर चढला आणि ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णींनी पैसे दिले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, पण छायाचित्रणाच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे. विषय घरातला, जागा ठरलेली, कॅमेरा हलला नाही. बदललं ते फक्त झाड. जो बदल रोज डोळ्यांसमोर होता तो या शिस्तीमुळे दिसला.

प्रयोग काय सांगतात

मानसशास्त्राच्या बाजूने पहिला लक्षवेधी निष्कर्ष कॅमेऱ्याच्या विरोधात गेला. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संग्रहालयातून फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या पाहायच्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. फोन लक्षात ठेवतोय म्हटल्यावर डोकं सुट्टी घेतं, असा अर्थ लागला. मात्र याच अभ्यासात एक अपवाद निघाला आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढला, तर स्मरणातली ही घट दिसली नाही. बारकाईने निवड केली की मन कामाला लागतं.

दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्झांड्रा बराश यांनी नऊ प्रयोगांतून उलट बाजू मांडली. शहर दाखवणाऱ्या बसमध्ये फोटो काढणाऱ्यांना फेरी जास्त आवडली, कारण त्यांचं लक्ष जास्त गुंतलं. याला मर्यादाही दिसल्या. जे काम आधीच दोन्ही हातांनी करायचं होतं, त्यात फोटोने भर घातली नाही. आणि समोर क्लेशदायक दृश्य असलं, उदाहरणार्थ सफारीत सिंहांनी केलेली शिकार, तर फोटो काढणाऱ्यांना तेही अधिक बोचलं. कॅमेरा आनंद निर्माण करत नाही. समोर जे असेल त्यात माणसाला अधिक गुंतवतो.

याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासातला निष्कर्ष तिरुविडैमरुदूरसाठी खास मोलाचा. फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं अधिक आठवलं आणि ऐकलेलं कमी. हे गाव नादस्वराच्या मुलखात आहे. तिरुविडैमरुदूर वीरुस्वामी पिळ्ळै यांच्यासारखे वादक गावाचं नाव घेऊनच ओळखले गेले. तै महिन्यातल्या पूसम उत्सवात रथ निघतात तेव्हा तविलाच्या ठेक्यावर मिरवणूक चालते. फोन उंच धरून रथ टिपणाऱ्याच्या हाती रथ लागतो, राग निसटतो. तिथे कॅमेरा खाली ठेवणं हा साधा हिशेबाचा भाग आहे.

२०१८ साली बराश आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तोच फोटो स्वतःसाठी काढायचा असेल तर अनुभव जास्त रंगतो. समाजमाध्यमावर टाकण्यासाठी काढायचा असेल तर आपण कसे दिसू, लोक काय म्हणतील याची धाकधूक मधे येते आणि मजा उणावते. प्रवासाच्या फोटोंबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ कॅमेऱ्यापेक्षा या धाकधुकीत आहे.

रोजच्या निसर्गाबद्दलचा नेमका प्रयोग होली-अॅन पॅसमोर आणि मार्क होल्डर यांनी कॅनडात केला, २०१७ साली तो छापून आला. सुमारे चारशे विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटाने दोन आठवडे रोजच्या वाटेवरच्या निसर्गातलं जे मनाला भिडेल त्याचा फोटो काढायचा आणि काय वाटलं ते दोन ओळींत लिहायचं. दुसऱ्या गटाने हेच माणसाने बनवलेल्या वस्तूंबाबत करायचं. तिसरा गट नेहमीसारखा राहिला. निसर्ग टिपणाऱ्यांची मनःस्थिती बाकी दोन्ही गटांपेक्षा चांगली राहिली आणि लोकांशी, भोवतालाशी जोडलेपण वाढलं. त्यांना जास्त वेळ बाहेर घालवायला सांगितलं नव्हतं. रानात जाणं, डोंगर चढणं यातलं काही नाही. बसथांब्याजवळचं झाड, खिडकीतला पक्षी, संध्याकाळचं आभाळ एवढ्यावर काम भागलं.

आणि आता सेल्फी. सॅन फ्रान्सिस्कोत व्हर्जिनिया स्टर्म यांच्या गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठीच्या पुढच्या बावन्न जणांना आठ आठवडे, दर आठवड्याला पंधरा मिनिटं फिरायला पाठवलं. अर्ध्यांना नुसतं फिरायचं, अर्ध्यांना नवलाच्या नजरेने भवताल पाहत फिरायचं. सगळ्यांनी वाटेत सेल्फी काढायचे. आठवडे सरत गेले तशी नवल शोधणाऱ्यांच्या सेल्फीतली स्वतःची आकृती लहान होत गेली, मागचा देखावा मोठा झाला आणि चेहऱ्यावरचं हसूही रुंदावलं. अम्मणीच्या दिव्यातली योजना इथे आकड्यांत उतरली आहे: चौकटीत आपण असलो तरी उजेड दुसऱ्या कशावर तरी पडला पाहिजे.

या अभ्यासांची मर्यादाही नोंदवायला हवी. बहुतेक प्रयोग अमेरिका-कॅनडातले, पुष्कळदा विद्यार्थ्यांवर केलेले, थोड्या दिवसांचे. पण वेगवेगळ्या बाजूंनी निघालेले हे रस्ते एका जागी येतात. फायदा लक्ष देण्याचा असतो, आणि कॅमेरा त्या लक्षाला कधी धार लावतो, कधी पर्याय देतो. कोणतं होईल हे वापरणाऱ्याच्या सवयीवर ठरतं.

एकाच जागी राहून पाहणारे

ही सवय म्हणजे काय, ते निसर्गलेखकांकडे जास्त स्पष्ट दिसतं. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) ‘द स्टेट्समन’मध्ये १९५० पासून मृत्यूपर्यंत एक निसर्गस्तंभ लिहीत राहिले. छेचाळीस वर्षं. त्यात हत्ती आणि गवे होतेच, पण खारी, कावळे, बकऱ्या, अंगणात येणारे पक्षीही तितक्याच मानाने आले. त्यांचे फोटो कृष्णधवल, स्वतः जुळवाजुळव केलेल्या सामग्रीने काढलेले. देखणेपणापेक्षा प्राणी नेमकं काय करतो आहे हे कळावं, यावर त्यांचा भर. मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने १९५६ मध्ये हेच काम शब्दांनी केलं. महिन्यामागून महिना निसर्ग कसा पालटतो हे मुंबईसारख्या शहरातूनही किती दिसतं, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखवून दिलं. दोघांनाही विषयासाठी दूर जावं लागलं नाही, त्याच वाटेने पुन्हा जावं लागलं.

तिरुविडैमरुदूरच्या शिवारात असं पुन्हा जाण्याचं फळ चटकन मिळतं, कारण तिथलं वर्ष पाण्याने बांधलेलं आहे. रिवाजाप्रमाणे मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सुटतं आणि २८ जानेवारीला बंद होतं; साठा कमी असला तर तारीख पुढे जाते. उन्हाळ्यात कावेरीचं पात्र म्हणजे वाळूचा पट्टा, त्यात गुरांच्या पावलांच्या वाटा. पाणी आलं की पंधरवड्यात चित्र पालटतं. आधी रोपवाटिकेचे पोपटी चौकोन, मग चिखलणी केलेल्या खाचरांत उभ्या आभाळाचं प्रतिबिंब, मग लावणीच्या रांगा आणि महिन्याभरात पाणी झाकून टाकणारा हिरवा. कुरुवै भाताची कापणी होते तोवर सांब्याची लावणी चालू. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, म्हणजे आपल्याकडे आभाळ निवळलेलं असताना तिथे काळं. नांगरटीमागे पांढरे बगळे, बांधावर ढोकरी, तारेवर खंड्या आणि वेडा राघू. उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी शोधत खाचरातून चालतात. जूनमध्ये आणि जानेवारीत एकाच बांधावरून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर एका गावचे वाटणार नाहीत.

उजेडाचाही हिशेब मांडावा लागतो. हे गाव सुमारे अकरा अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य इथे क्षितिजाशी जवळजवळ काटकोनात उतरतो. विषुवदिनाच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून सहा अंश वर असल्यापासून मावळेपर्यंत इथे पंचवीस मिनिटं लागतात, लंडनमध्ये चाळीसच्या आसपास. युरोपीय पुस्तकांतला ‘सोनेरी तास’ इथे अर्ध्या तासाचाही नसतो. जागा आधी हेरून ठेवली नसेल तर शोधता शोधता अंधार होतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात भर दुपारी सावली पायाखाली जाते, पुण्यात मे महिन्यात होतो तसाच शून्य सावलीचा दिवस. अशा माथ्यावरच्या उन्हात बगळ्याचं अंग फोटोत नुसता पांढरा डाग होतं, पिसं दिसायची तर एक्स्पोजर मुद्दाम कमी करावं लागतं. दुपार सोडून द्यावी किंवा सावलीतल्या गोष्टी पाहाव्यात: ओसरीचे खांब, विणकराच्या मागावरचं सूत, अर्जुनाचं खोड.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटे दारोदारी सडा पडतो आणि तांदळाच्या पिठाचं कोलम घातलं जातं. मधोमध शेणाचा गोळा, त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. फूल त्याच पहाटे उमललेलं असतं. सूर्य वर आला की पाकळ्या मलूल होतात, मुंग्या पिठाच्या रेघा तोडायला लागतात, सायकली आणि दुधाच्या किटल्या वरून जातात. साडेसहाचा आणि नऊचा फोटो यांत एक अख्खी घटना आहे. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत नक्षी येते. बसून, फुलाच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मागचं दार, उंबरा आणि पीठ चिकटलेली बोटंही येतात. ट्राइपने कॅमेरा खाली आणला होता, त्यातलं शहाणपण इथे कळतं.

आक्षेप आणि हद्दी

कॅमेऱ्याची बाजू घेताना त्याच्या हद्दी पुसट करून चालत नाही. पहिली हद्द देवळाची. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तमिळनाडूतल्या देवळांत मोबाइलवर बंदी घालण्याचे निर्देश दिले. अंमल देवळागणिक कमी-अधिक असला तरी हेतू स्पष्ट आहे. पर्यटक यावर कुरकुरतात. पण प्राकारातून फिरताना हात मोकळे असले तर खांबांचा गारवा, तेलाचा वास, दूरची घंटा यांना जागा मिळते. राजा वरगुण पांड्याच्या कथेमुळे इथे पूर्वेच्या दारातून आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडण्याचा प्रघात आहे. त्यामुळे बाहेर आल्यावर वेगळी गल्ली आणि वेगळा उजेड समोर येतो. तिथून पुढे खुशाल कॅमेरा काढावा.

दुसरी हद्द माणसांची. लावणी करणाऱ्या बायका, मागावरचा विणकर, घाटावर आंघोळ करणारे लोक हे कुणाच्या प्रवासाचे देखावे नाहीत. ‘फोटो एडुक्कलामा?’ एवढं तमिळ पाठ असलं तरी काम होतं. नकार आला तर फोन खिशात ठेवावा. परवानगीने काढलेल्या फोटोत माणूस आपल्याकडे बघतो, आणि तो फोटो बहुधा चोरून काढलेल्यापेक्षा बरा निघतो.

तिसरी हद्द पाखरांची. घरट्याचे फोटो काढायला जवळ गेलं, आड येणाऱ्या फांद्या छाटल्या, की पिल्लं ऊन आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतात. म्हणून जाणते पक्षिनिरीक्षक घरट्याचे फोटो काढत नाहीत आणि दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा जाहीर करत नाहीत. साध्या पक्ष्यांच्या फोटोंचा मात्र खरा उपयोग आहे. तमिळनाडूत पोंगलच्या दिवसांत होणारी पक्षिगणना, ई-बर्डवरच्या नोंदी, झाडांना पालवी, फूल, फळ कधी येतं हे टिपणारा सीझनवॉच हा उपक्रम, यांत तारीख-वार काढलेला साधासा फोटोही पुरावा ठरतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गजा चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनारी भागात नारळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी आधीचे रोजचे फोटो किती कामाचे होते ते कळतं.

चौथा आक्षेप खरेपणाचा. २०२३ साली सॅमसंगच्या फोनमधल्या चंद्रावरून वाद झाला. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचा फोटो घेतला तरी फोनने त्यात तपशील भरले. भाताचा हिरवा, आभाळाचा निळा यांनाही फोन आपल्या मताने रंग देतो. ट्राइपच्या हाताने रंगवलेल्या ढगांपेक्षा यात फरक एवढाच की ते ढग रंगवताना ट्राइपला ठाऊक असायचं, आपल्याला बऱ्याचदा पत्ताच नसतो. रोपवाटिकेचा पोपटी आणि वाढलेल्या भाताचा गडद हिरवा यातला फरक फोनने पुसला, तर फोटो देखणा होतो आणि शेत हरवतं. फोनमधले आपोआप रंग वाढवणारे पर्याय बंद करणं हा त्यावरचा सोपा उपाय.

आढाव्याअंती

सौंदर्य आणि उभारी दूरच्या, नव्या जागी मिळते, ही प्रवासाच्या छायाचित्रणामागची रूढ समजूत आहे. वर पाहिलेला बहुतेक पुरावा दुसरीकडे झुकतो. फाळक्यांची कुंडी, ट्राइपची पायथ्यावरची पट्टी, कृष्णन यांचं अंगण, पॅसमोर-होल्डर यांचे विद्यार्थी, या सगळ्यांत फोटो लाभला तो तीनपैकी निदान एका गोष्टीमुळे. निवड बारीक होती, पुन्हा त्याच जागी जाणं होतं किंवा फोटो दाखवण्याआधी स्वतःसाठी होता. नवी जागा फार तर या सवयीला सुरुवात करून देते. जुनी सवय घेऊन नव्या जागी गेलं, तर नुसते फोटो वाढतात.

त्यामुळे तिरुविडैमरुदूरला दोन दिवस असलेल्या प्रवाशाने दारासुरम, कुंभकोणम, तंजावर एका दमात उरकण्यापेक्षा एक घाट आणि एक बांध निवडावा, तिथे सकाळी, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी जावं. रथाच्या वेळी फोन बंद ठेवावा. काढलेल्या प्रत्येक फोटोखाली, पॅसमोर यांच्या विद्यार्थ्यांसारखं, काय भिडलं ते दोन ओळींत लिहावं. लिहिता येत नसेल तर तो फोटो ठेवण्यात अर्थ नाही.

या सवयीची खरी परीक्षा घरी होते. गावाहून आलेल्या माणसाने पुढच्या महिन्याभरात आपल्या गल्लीतल्या एखाद्या झाडाचा, ओढ्याचा किंवा गच्चीवर येणाऱ्या पाखराचा फोटो काढला नसेल, तर कावेरीकाठचे त्याचे फोटो कितीही सुंदर असोत, तो नुसता फिरून आला आहे. आणि काढला असेल, तर पुढच्या खेपेला प्रवास कुठे करायचा हा प्रश्न त्याला पूर्वीइतका भेडसावणार नाही.